खूण केलेला बोल्ट

तमाम साडू, मेहुणे आणि गुरुवारी घरी बसून कंटाळलेल्या कामगार बंधूंना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, डोंगर चढणारी मोटार बनविण्याचा जो मान आजवर मोठमोठ्या कंपन्यांनी आपसात वाटून घेतला होता, तो त्यांच्याकडून काढून चऱ्होलीतल्या एका सोसायटीच्या पार्किंग क्रमांक चौदाला बहाल करण्यात आला आहे. सदर मोटार बावीस वर्षांची असून तिचे इंजिन शिवणयंत्राहून किंचित मोठे आहे. कोणाची हरकत असल्यास ती लेखी कळवावी.

हे निवेदन मी एका गुरुवारी सकाळी, हातात पाना धरून, पार्किंगमध्ये उभा राहून मोठ्यानं म्हटलं होतं. ऐकायला एकटे माझे साडू होते. ते गाडीखाली आडवे होते आणि त्यांचे नुसते पाय दिसत होते. पाय म्हणाले, "भाषण झालं असेल तर सतराचा पाना द्या."

हरकत मात्र आली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती तीनदा लेखी कळवली.

गुरुवार अशासाठी, की आमच्या औद्योगिक पट्ट्यात रविवार कामाचा असतो आणि सुट्टी गुरुवारी. मी आणि साडू चाकणला एकाच कंपनीत. ते असेंब्लीवर, मी तपासणीत. म्हणजे ते बोल्ट आवळतात आणि मी त्याच्यावर पिवळ्या रंगाची खूण करतो. अठरा वर्षं हेच. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या म्हणतात, आमची लग्नं उगाच लावली, ह्या दोघांचंच लावून द्यायला हवं होतं.

आता गाडीचं कारण. साडूंच्या वडिलांची मूत्रपिंडं गेली होती. त्यांना सगळे दादा म्हणत, मीही म्हणायचो. मंगळवारी आणि शनिवारी चाकणच्या एका दवाखान्यात रक्त धुवून घ्यायचं, चार तास मशीनवर पडायचं, नाहीतर संपलं. इतका सरळ हिशोब होता. पण दादा आणि मावशी, म्हणजे साडूंची आई, राहायचे चाकणच्या पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीत. डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंत तीन किलोमीटर चढ, निव्वळ दगडधोंड्यांचा. रुग्णवाहिका खाली डांबरीवर उभी राहते आणि हॉर्न वाजवते. पेशंटनं यायचं.

पूर्वी अशा माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून चौघं खांद्यावरून खाली आणत. पण वाडीतले धडधाकट पुरुष पहाटेच्या कंपनीच्या बसनं जातात ते संध्याकाळी येतात. मंगळवारी सकाळी वाडीत पुरुषमाणसं तीन. एक दादा, दुसरा दादांहून म्हातारा आणि तिसऱ्याचा एक हात कंपनीतल्या प्रेस मशीनमध्ये गेलेला. पहिले दोन आठवडे लोकांनी खाडे करून दादांना खाली आणलं. तिसऱ्या आठवड्यात सुपरवायझरांनी डोळे वटारले. मग कधी कोणी चोरून खाडा करायचा, कधी दादांची फेरी चुकायची, असं कसंबसं चाललं होतं. साडूंनी दादांना चऱ्होलीला येऊन राहा म्हणून विनवलं. दादा म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावर? धरणाचं पानी आलं तवा आमी येकदा घर सोडलंया. आता पुन्यांदा न्हाई."

म्हणून गाडी. ती साडूंचीच होती, लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली. झाकण घालून पार्किंगमध्ये पडली होती. माझं मत असं, की दगडावर चढायला जीपच लागते हा श्रीमंतांनी पसरवलेला गैरसमज आहे. ही गाडी हलकी, पुढच्या चाकांनी ओढणारी. तिचं पोट फक्त वर उचलायला हवं. मी हे इतकं रंगवून सांगितलं, की साडूंनी दुसऱ्याच गुरुवारी जॅक लावला.

चार गुरुवार गेले. पुढच्या शॉकअप्सच्या डोक्यावर लोखंडी ठोकळे घातले, मागे स्प्रिंगखाली घातले. गाडी चार बोटं उंच झाली. जाड नक्षीचे टायर चढवले. इंजिनच्या पोटाखाली भंगारातला जाड पत्रा ठोकला, सायलेन्सर उचलून घेतला. ड्रायव्हरशेजारची सीट काढून तिथपासून मागच्या सीटपर्यंत फळी टाकली, म्हणजे दादांना आडवं होता येईल. काम झाल्यावर ती गाडी विजार वर धरून नाल्यात उतरलेल्या हेडमास्तरांसारखी दिसत होती. मी तसं म्हटल्यावर साडूंना इतकं हसू आलं की त्यांना खाली बसावं लागलं. मला तो आवाज अजून येतो. तेव्हा मी फार खूश होतो, हे मी लपवणार नाही.

आता ती खूण काय असते ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडे बोल्ट आवळायच्या पान्यात आधीच ठरवून ठेवलेला जोर पुरा झाला की तो 'कट्ट' वाजतो. मग दुसरा माणूस पिवळ्या मार्करनं नटावरून खालच्या लोखंडावर एक रेघ ओढतो. रेघ दिसली की तो बोल्ट आवळलेला, विषय संपला. त्याला पुन्हा हात लावायचा नाही. लावला तर आधीच्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, आणि त्यावरून फ्लोअरवर मारामाऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून रेघ ही आमची शपथ. अठरा वर्षांत मी एकाही सैल बोल्टवर रेघ ओढली नव्हती.

चौथ्या गुरुवारी साडूंनी पुढच्या डाव्या चाकामागच्या सांध्यांचे सगळे बोल्ट हातानं बसवून घेतले, पान्यानं आवळायचे बाकी होते. तेवढ्यात वाडीवरून मावशींचा फोन आला, दादांच्या पायाला सूज आहे, काय करू. पार्किंगमध्ये रेंज नव्हती. साडू गेटपाशी गेले. मी मार्कर घेऊन उभा. रिकामा उभा राहिला तर तो मी कसला? म्हटलं, आपण रेघा ओढून ठेवू, हे येऊन आवळतील, वेळ वाचेल. ओढल्या. एकाखाली एक, देखण्या. फोटोसुद्धा काढला आणि बायकोला पाठवला.

साडू परत आले. चेहरा उतरलेला. खाली वाकले, रेघा पाहिल्या आणि उजव्या चाकाकडे गेले. मी सोसायटीच्या सेक्रेटरींची नक्कल करत होतो. नक्कल चांगली चालली होती.

आणि गाडी चढली. खोटं कशाला सांगू, पहिल्या शनिवारी ती त्या दगडांवरून जी चढली, ती बघून वाडीतल्या बाया घराबाहेर आल्या. आम्ही दोघांनी कंपनीत दुसरी शिफ्ट मागून घेतली होती, म्हणजे सकाळ मोकळी. पाचला चऱ्होलीतून निघायचं, दादांना उतरवून आठला मशीनवर, दुपारी परत वर सोडायचं आणि तीनला कंपनीत कार्ड पंच करायचं. दादांनी पहिल्यांदा गाडी पाहिली तेव्हा तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"पाव्हणं, ह्या डबड्यात मला घालून कुटं न्यायचा इचार हाय?"

"दवाखान्यात, दादा."

"मला वाटलं थेट वर."

अशा सात फेऱ्या झाल्या. दादांची सूज उतरली. शनिवारी येताना ते बाजारातल्या कांद्याच्या ट्रकांकडे बघून भाव विचारायला लागले.

आठव्या फेरीला, मंगळवारी, निम्म्या उतारावर खाडकन आवाज झाला. गाडी डाव्या अंगाला बसली आणि दगडावर पत्रा घासत थांबली. साडू उतरले, मी उतरलो. डावं चाक कोंबडीच्या मोडक्या तंगडीसारखं बाहेर लोळलं होतं. चाक ज्या खालच्या सांध्यावर वळतं तो सांधा निसटला होता, कारण त्याला धरून ठेवणारा बोल्टच जागेवर नव्हता. भोक रिकामं होतं. भोकाच्या कडेला लोखंडावर माझी अर्धी पिवळी रेघ तेवढी शिल्लक होती.

साडूंनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही खूण तुमची ना?"

"माझी."

"मग?"

"तुम्ही आवळला नव्हता?"

"खूण दिसली. मला वाटलं, फोनच्या आधीच मी आवळला असेल."

"मी म्हटलं, तुम्ही येऊन आवळाल."

"अहो, पण आवळायच्या आधी कोण खूण करतं?"

  मी म्हणालो, नुसता हात लावला असता तरी सैल आहे ते कळलं असतं वगैरे. साडू म्हणाले, खुणेला हात लावायचा नसतो हे तुम्हीच शिकवता नवीन पोरांना. आवाज वाढत गेले. आतून फळीवरून दादा म्हणाले, "कोन चुकलं त्ये सावकाश ठरवा. मला आदी खाली न्या."

वाडीत माणूस नव्हतं. आम्ही मागची सीट उपटून काढली, दादांना तिच्यावर बसवलं, दोन टोकं दोघांनी धरली. दीड किलोमीटर. दर पन्नास पावलांवर खाली ठेवायचं. साडू पुढे होते, मी मागे, आणि दादांचं तोंड माझ्याकडे. त्यांना धाप लागत होती आणि ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. मी दमतोय का, ते बघत होते. हे मी कधीच कोणाला रंगवून सांगितलेलं नाही.

खाली पोचून टेंपो मिळेपर्यंत साडेनऊ झाले. दवाखान्यात दादांची वेळ दुसऱ्याला दिली गेली होती. त्यात त्यांची चूक नव्हती, तोही माणूस दुरूनच आला होता. मशीन मिळाली संध्याकाळी पाचला. तोवर दादांच्या छातीत पाणी झालं होतं. चार दिवस नाकाला नळी लावून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आता इतक्या लांबून आणायचं नाही, जवळ ठेवा.

म्हणजे तिसरा मजला.

दादा तिथे दोन महिने होते. मावशी आल्या, म्हैस विकून आल्या. दर मंगळवार-शनिवार दादा वेळेवर मशीनवर जायचे, रिपोर्ट सुधारत होते, आणि माणूस वाळत चालला होता. गॅलरीत बसून समोर बांधकाम चाललेल्या इमारतीच्या सळया मोजायचे. मी जायचो, नकला करायचो. ते हसायचे, पाहुण्याचा मान ठेवावा तसे. एकदा निघताना मी म्हणालो, "दादा, तो बोल्ट माझ्यामुळे सैल राहिला." दादा म्हणाले, "त्यानं बी तेच सांगितलं, माज्यामुळं म्हून." साडू आणि मी त्या मंगळवारनंतर कामापुरतंच बोलत होतो, त्यामुळे हे मला माहीत नव्हतं.

मग दादांनी एकच मागणं धरलं. एक दिवस घरी जायचं. एक रात्र झोपायचं आणि यायचं.

आम्ही गाडीचं चाक दोरानं बांधून ती डांबरीपर्यंत उतरवली, तिथून टेंपोत घालून आणली आणि नीट केली. नवा सांधा, नवे बोल्ट. ह्या वेळी प्रत्येक बोल्ट साडूंनी आवळला, मग पाना माझ्या हातात दिला, मी पुन्हा 'कट्ट' वाजवून पाहिला. मार्कर मी आणलाच नव्हता. त्या दिवशी पार्किंगमध्ये कोणीच भाषण केलं नाही.

गुरुवारी सुट्टी धरून निघालो. शुक्रवारी परत यायचं ठरलं होतं. गाडी चढली, एका जागी न अडखळता. दादा फळीवर उठून बसले आणि सबंध चढ काचेतून बघत राहिले. शुक्रवारी म्हणाले, उद्या जाऊ, उद्याच मशीन हाय. ते बरोबरच होतं.

शनिवारी सकाळी साडूंनी गाडी दारात आणली, तोंड उताराकडे करून. इंजिन चालू. दादा ओट्यावर चहा घेत बसले होते, धुतलेलं धोतर नेसून.

"दादा, चला. आठचा नंबर आहे."

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"न्हाई म्हंजी न्हाई. तुमी जावा. तुमची शिफ्ट आसंल."

साडू हसले आधी. मग हसणं बंद झालं. मावशी आत गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की हे त्यांच्यात आधीच बोलून झालंय. मी पुढे झालो. "दादा, आता गाडीची भीती नाही. सगळे बोल्ट मी स्वतः बघितलेत."

"ठाव हाय, पाव्हणं. गाडी चांगली हाय."

ते घाबरून नाही म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. तसं नव्हतं. मशीनशिवाय किती दिवस, हे त्यांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, आणि त्यांनी ते ऐकलं होतं. पुढे ते नऊ दिवस होते. शेवटचे चार फार वाईट गेले, ते मी लिहिणार नाही. पण त्या सकाळी ते बशीत चहा ओतत होते आणि साडू त्यांच्यासमोर उकिडवे बसून रडत होते. पन्नाशीला आलेला माणूस, अंगात कंपनीचा शर्ट.

"मग ही गाडी कशाला केली आम्ही?" साडू ओरडले. "चार गुरुवार गेले, हाताची सालं निघाली. कशाला केली?"

दादांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "वर चढायलाच केली न्हवं? चढली की."