भेगेत सरकवलेलं पान

वाळवीवर मी एकदा खोटा आळ घेतला, आणि तो निस्तरता निस्तरता घराण्याची जुनी कागदपत्रं शोधायला शिकलो.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. मूळचे कोकणातले. तिकडे आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आजोबा सडकेच्या कामावर वऱ्हाडात आले ते इथलेच झाले. अकोल्यात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी. शेजाऱ्यांना आमच्याविषयी दोन गोष्टी ठाऊक असतात: शनिवारी, म्हणजे आमच्या शब्बाथला, चूल पेटवत नाहीत, आणि तुळशीऐवजी सब्जा लावतात. शनिवार संपताना प्रार्थनेत सुगंध घ्यायचा असतो, त्यासाठी आम्हाला सब्ज्याची जुडी लागते, आणि ती शुक्रवारीच आणून ठेवावी लागते. बाकी सगळं त्यांच्यासारखंच, भाकरीसुद्धा.

माझी आत्या अमरावतीला राहते. वय सत्तरीच्या पुढे, दात नाहीत, पण बोलणं चावरं. तिची आई, म्हणजे माझी सख्खी आजी, माझ्या वडिलांच्या बाळंतपणात गेली. आत्या तेव्हा चार वर्षांची. पुढे आजोबांनी कोकणातून दुसरी बायको आणली, आणि आम्ही नातवंडांनी तिलाच आजी म्हटलं. पहिलीची कबर अकोल्याला आमच्या छोट्या कबरस्तानात आहे. तिच्यावर एक काळा दगड. अक्षर एक नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्यानं मला बोलावून घेतलं.

"तू कचेरीत हायस," ती म्हणाली. "दुनियेचे कागद चाळतं. माह्या मायचं नाव काय होतं, तेवढं पाहून दे. नावाबिगर तिच्यासाठी पिरार्थना होत नाही. मी चाललो आता. वर गेल्यावर तिले काय म्हणून हाक मारू?"

"तुला आठवत नाही?"

"चार वर्साच्या पोरीले मायचं नाव माय असते, लेका." मग म्हणाली, "बाबाच्या पुस्तकात असंन. पयल्या पानावर तो सारं लिवे."

आजोबांचं प्रार्थनेचं पुस्तक माझ्याकडेच होतं. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "ते पान वाळवीनं खाल्लं, आत्या."

आता खरं लिहितो. ते पान मी फाडलं. बाविसाव्या वर्षी, माझ्या लग्नाच्या बोलणीआधी. मुलीकडचे कोकणातून येणार होते, आणि आमच्यात घराणं बघायचं म्हणजे ते पुस्तक बघायचं: जन्म, लग्नं, मृत्यू सगळं पहिल्या पानावर. मी आदल्या दिवशी उघडलं. आजोबांच्या मोडीत ओळ होती: अकोटच्या माळ्याची मुलगी, हिच्याशी लग्न केलं. पुढे तिचं नाव, ते मात्र इब्री, म्हणजे हिब्रू, अक्षरांत. आमच्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पाळतात. ज्यांच्या घरात बाहेरची बाई आली ते काळे, आणि त्यांच्याशी गोऱ्यांची सोयरीक होत नाही. रंगाचा संबंध नाही. मी आमच्या घरात सगळ्यात गोरा. मोडी मी झरझर वाचली. इब्री मला अडखळत येते, आणि अडखळायला वेळ नव्हता. नाव वाचलं नाही. पान फाडलं.

फाडलं खरं, पण त्याचं करायचं काय? त्यावर देवाचं नाव. असा कागद आमच्यात जाळत नाहीत, फेकत नाहीत, माणसासारखा पुरतात. पाप करतानाही मी हा नियम मोडला नाही, याबद्दल पुढे बरीच वर्षं मी स्वतःला शाबासकी देत असे. भर उन्हाळा होता. कबरस्तानातली काळी माती हात जाईल एवढी भेगाळलेली. खणायचीही गरज पडली नाही. घडी केली, एका भेगेत सरकवली, आणि घरी येऊन आंब्याचा रस प्यायलो.

पाहुण्यांसमोर वडिलांनी पुस्तक उघडलं. फाटक्या कडेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. पुढे ते वीस वर्षं जगले. त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत.

तर आत्याच्या कामाला लागलो. सुरुवातीला निव्वळ दाखवायला. कबरस्तानात जाऊन बाकीचे दगड वाचले. न जाणो, कुणाच्या दगडावर तिचा उल्लेख असेल. झिजलेल्या अक्षरांवर तांदळाची पिठी चोळली की ती पांढरी उठून दिसतात. दुसऱ्या दिवशी उरलेली वाचायला गेलो तर मुंग्यांनी सगळी पिठी नेलेली. कोकणातल्या नातेवाइकांना तीन पत्रं टाकली. एकानं प्रकृती कळवली, दुसऱ्यानं माझ्याकडे लग्नाची मुलगी आहे का विचारलं, तिसऱ्यानं लिहिलं की पहिल्याला विचारा. बाळापूरचे जुने कागद पाहिले, अकोल्याचे पाहिले. आणि गंमत अशी, की हळूहळू मला त्याची गोडीच लागली. कुणाच्या तरी आजोबांची सही सापडली की दिवस चांगला जाई. मी अमरावतीला जाऊन आत्याला सगळं रंगवून सांगे.

तिनं एकदा मधेच तोडलं. "साऱ्या वऱ्हाडात फिरला. अकोटले काहून नाही गेला? बाबा तं तिथंच होता सडकेवर."

अकोट मी मुद्दाम टाळत होतो. आता इलाज राहिला नाही. सर्व्हिस मोटारीनं गेलो.

तिथल्या तहसिलीत कोतवाल बुकं होती. गावातला प्रत्येक जन्म-मृत्यू कोतवाल सांगायचा आणि तो या वह्यांत उतरायचा. आजी अकोटलाच गेली, पुरायला तेवढी अकोल्याला आणली होती; पण त्या सालाची मृत्यूची वही पाण्यानं गेली होती. जन्माची शाबूत होती. दफ्तर सांभाळणारा कारकून पोटातून हसणारा गृहस्थ होता. वडिलांचा जन्म त्यानंच शोधला.

"हे पाहा. बाप सडकेवरचा मिस्तरी. जात तेली."

"आम्ही शनिवार तेली."

"अन् बाकीचे सा दिवस कोन?" तो म्हणाला. "मायचं नाव नाही लिवत हे लोक. माय तं दिसतेच, तिचं काय लिवायचं. पन तुमी शेवटचा रकाना पाहून राहिले काय? खबर देनारा कोन ते पाहा. नाव खोटं सांगते मानूस, पन खबर द्याले आपलाच मानूस येते."

त्या रकान्यात लिहिलं होतं: पोराच्या आईचा बाप, माळी. आणि मळ्याची खूण: नदीकडची चिंचेची विहीर.

मी कचेरीत पंचवीस वर्षं काढली, पण शेवटच्या रकान्यापासून वाचायचं असतं हे मला त्या माणसानं शिकवलं.

चिंच राहिली नव्हती. विहीर होती. मळ्यात वांगी, झेंडू, आणि पाटाच्या कडेनं सब्जा. आत्याहून थोरला एक म्हातारा मोट दुरुस्त करत बसला होता. मी कोण, कशाला आलो, ते सांगितलं. त्यानं वर न बघता विचारलं, "सडकेवाल्याचा नातू काय?"

"हो."

"तो शुकरवारी सब्जा न्याले ये. आमी म्हनो, या मानसाच्या घरी सब्जा खाते का काय. मंग आमची आत्याच घिऊन गेला." त्यानं दोर घट्ट ओढला. "आत्या गेल्यावर बी आमचा आजा दर शुकरवारी त्याच्या दारात जुडी ठेवत जाय. त्याची बदली होईस्तोवर. तुमच्याकडलं कोनी कदी आलं नाही."

मी म्हणालो, "नाव काय होतं तिचं?"

त्यानं सांगितलं. साधं, दोन अक्षरी नाव, वऱ्हाडात घरोघरी असतं तसं. निघताना त्यानं मला वांगी दिली. मी नको म्हटलं तर म्हणाला, "आत्याच्या घरची हायेत."

थेट अमरावती गाठली. आत्या मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं: माळी, मळा, शुक्रवार, नाव. तिनं ते नाव दोनदा उच्चारलं, हळू, जणू कुणी शेजारच्या खोलीत असावं. मग डोळे पुसून म्हणाली, "दगडावर हेच घाल."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. जन्मभर बसलो होतोच. पण नव्यानं शिकलेल्या माणसाला बिनचूकपणाचा सोस असतो. मी म्हणालो, "हे माहेरचं झालं. आपल्यात आल्यावर तिला दुसरं नाव दिलं होतं, इब्री. प्रार्थनेत खरं म्हणजे ते लागतं."

"तुले कसं मालूम?"

मेथीची काडी तिच्या बोटांत तशीच राहिली.

मग सांगितलं. पान, लग्न, भेग, वाळवी. तिनं एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "कोनत्या वारी फाडलं?"

"मंगळवारी."

"मंग शब्बाथ नाही मोडला. तेवढंच केलं." मग काडी खाली ठेवून म्हणाली, "नाव वाचाले किती वेळ लागला असता?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटं," ती म्हणाली आणि मेथी निवडू लागली. जेवायला वाढलं, पण त्या मुक्कामात माझ्याशी बोलली नाही. स्टेशनवर निघताना दाराआडून म्हणाली, "आदी बायकोले सांग. मंग दगड कर. उलटं करशील तं मी येत नाही."

बायकोला सांगितलं. लग्नातलं खोटं तिला फारसं लागलं नाही. किंवा लागलं असेल, ती दाखवत नाही. म्हणाली, "मी अठ्ठावीस वर्षं या घरात सब्जा लावते. तुम्ही या माळीकामाकडं कधी बघत का नव्हता, ते आज कळलं." मग वांग्यांची भाजी केली.

दगड झाला. वर मराठीत माहेरचं नाव, तिच्या बापाचं नाव, अकोट. खाली एक ओळ आत्याच्या सांगण्यावरून कोरी सोडली. पाथरवटानं दोनदा विचारलं, काही राहिलं का. मी म्हणालो, राहिलं.

दगड बसवायच्या दिवशी आत्या गाडीनं आली. अकोटहून म्हातारा आला, हातात सब्ज्याची जुडी. दोघं आते-मामेभावंडांसारखी नाही, तर रोज भांडणाऱ्या शेजाऱ्यांसारखी लगेच बोलू लागली, एकमेकांचे पडलेले दात मोजू लागली. प्रार्थना झाली, मिळालं त्या नावानं. म्हाताऱ्यानं जुडी ठेवली आणि दगडावरून हात फिरवता फिरवता कोऱ्या जागेवर थांबला.

"इथं काहून काही लिवलं नाही?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "सांग त्याले."

मी सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही नसतं. ऊन चढत होतं. त्यानं सगळं ऐकलं, आणि मग पायाखालच्या मातीकडे बघून एकच विचारलं, "कोनत्या भेगेत?"

मी बोटानं एक जागा दाखवली. मग तिच्या पलीकडची दाखवली. मग हात खाली घेतला आणि म्हणालो, मला नक्की आठवत नाही.