दाणेवाल्याचा शिष्य

"कान धर," सर म्हणाले.

मी धरले. दोन्ही. चाळिशीतली बाई, तीन लेकरांची आई, सापगावच्या पुढच्या शाळेतली झाडूवाली. समोर पोरं आणि शहापूरहून आलेले दोन साहेब. आज तेव्हाच्या त्या येडीला, म्हंजे मलाच, टपली मारावीशी वाटते. हात कसे झटकन वर गेले, जणू कान त्यासाठीच दिलेले.

गुन्हा असा. विज्ञान प्रदर्शनात अणूचे चार नमुने मांडायचे होते, ते काम सरांनी मला सांगितलं. पहिला मातीचा टणक गोळा. दुसरा कणकेचा, त्यात नाचणीचे दाणे खोचलेले. तिसऱ्यात मधे एक मणी, भोवती सगळं पोकळ. चौथ्यात मण्याभोवती तारेची कडी. आमच्याकडं भात झालं की देवापुढं आधी नवं, जुनं कणगीत मागं. म्हणून मी चौथा पुढं मांडला, मातीचा गोळा पार मागं. साहेबांपुढं सरांचं भाषण अडखळलं.

"भात लावणाऱ्यांनी भातच लावावं," सर म्हणाले. पोरं हसली. मीपण हसले. हो, हसले.

आमी कसत होतो ते शेत सरांच्या घरचं.

संध्याकाळी वर्ग झाडताना आठवीतल्या एका पोरीला विचारलं, "गो, माझं चुकलं काय?"

"मावशी, जुन्यापासून मांडायचं. पहिलं खोटं पडलं म्हणून दुसरं आलं. मग तेपण पडलं."

"पाडलं कोणी?"

"त्या दाणेवाल्या शास्त्रज्ञाच्याच शिष्यानं."

"मग त्याला कान धरायला लावले?"

"नाय. त्याचं नाव पुस्तकात आलं."

झाडू हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सरांनी पुन्हा पुढं बोलावलं. "काल माझी शोभा केलीस. धर कान."

हात निघालेच होते, सवयीनं. मी ते पदरात गुंडाळले. "नाय धरत."

सर जवळ आले, हळू बोलले. "पुढच्या पेरणीला कुठं जाशील?"

घरी नवरा जेवला नाय. झाडूचं काम त्याच आठवड्यात गेलं. जूनमध्ये शेतात दुसऱ्याचा नांगर दिसला. आमी वीटभट्टीवर गेलो.

इतक्या वर्षांनी आता ती शाळा सरांचा मुलगा चालवतो. काल नात तिथूनच घरी आली. एक कान लाल.

"कोणी?"

"नव्या सरांनी. मी विचारलं, हे कशावरून खरं?"

उद्या प्रार्थनेला मी जाणार आहे. झाडू न घेता. नातीला पुढं उभं करणार, आणि तोच प्रश्न तिला पुन्हा विचारायला लावणार.