बर्फातले मीठ

डॉ. वसुधाताईंशी माझी पहिली गाठ पडली ती त्यांच्या दहिवलीच्या प्रयोगशाळेतल्या बिघडलेल्या फ्रीजमुळे. मी कर्जतचा फ्रीज दुरुस्त करणारा, शिक्षण दहावीपर्यंत. काम आटोपल्यावर आत हात घालून म्हणालो, "झाला गार." ताई म्हणाल्या, "शून्य आणि चार अंशांतला फरक तुमच्या हाताला कळतो का हो?" मला राग आला. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर घेऊन गेलो, तेव्हापासून मी आजतागायत तिथेच काम करतो. बाकीचे सगळे त्यांच्या पुस्तकांतून, माझे मीच शिकलो.

ताईंचा आयुष्यभराचा प्रश्न एकच. लठ्ठ माणसाला मधुमेह होतो हे ठीक. पण शेतात राबणाऱ्या रोडक्या माणसाला का? त्यांना वाटे, दोष पोटाच्या चरबीत असावा. चरबी ही साठवणीची जागा. तिच्या पेशींत अन्न जाळून ऊर्जा करणारे सूक्ष्म भाग असतात, मायटोकाँड्रिया. ते मंदावले की साठवण बिघडते, चरबी यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते, आणि तिथे इन्सुलिनचे काही चालेनासे होते. लठ्ठपणात दिसते ते रोडक्यांतही दिसते का, हे त्यांना पाहायचे होते.

त्यासाठी कडाव गावच्या सहा रोडक्या मधुमेही माणसांनी पोटाची चरबी सुईने काढू दिली. पहिल्या हिराबाई. "माझ्या पोटावर चरबी गवसली तं मला पन दाव गं, बाय!"

"वाटाण्याएवढी पुरे, हिराबाई."

"तेवढी तं आमच्या चहावर साय येते!"

तो तुकडा नळीत घालून बर्फाच्या पेटीत गार ठेवायचा, पण गोठू द्यायचा नाही. गोठला की मायटोकाँड्रिया फुटतात. मे महिना होता, पेटीतला बर्फ वितळत होता. मी शहाणपणा केला. कुल्फीवाल्यासारखे बर्फात मीठ घातले आणि थर्मामीटर न लावता हात लावून पाहिला.

यंत्रावर सहाही तुकड्यांचे मायटोकाँड्रिया मंद निघाले. ताईंना वाटत होते तसेच. त्यांची शिस्त अशी, की निकाल आधी ज्याचा तुकडा त्याला, त्याच्या ओटीवर बसून सांगायचा, छापायचे नंतर. तसे सहा घरी सांगून झाले. लेखही तयार झाला. मग एके दुपारी, तीच पेटी तशीच भरून, मी सहज थर्मामीटर लावला. पारा शून्याच्या खाली गेला.

सांगायला गेलो तेव्हा ताई जेवत होत्या.

"किती उणे?"

"सात."

"सहाही नळ्या?"

"सहाही."

त्यांनी ताट सारले. "हवे तेच आकडे आले होते. मला तेव्हाच संशय यायला हवा होता." लेख कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा ओट्या. हिराबाईंनी विचारले, "मंजे माझी चरबी मंद नाय?"

"माहीत नाही. आमच्याकडून तुकडा खराब झाला."

"कोनाच्या हातनं?"

मी तोंड उघडण्याआधी ताई म्हणाल्या, "माझ्या."

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग ताईंकडे. "मंग घे दुसरा. पन या टायमाला नीट धर गं."

दुसऱ्या खेपेचे आकडे संमिश्र आले: काही मंद, काही चांगले. छापण्याजोगे ठाम काही नाही. पुन्हा तेच काम, तीच पेटी, तोच रस्ता. पंचाहत्तरीत ताईंचा हात कापतो, सुई आता दुसऱ्या डॉक्टर धरतात. खरे सांगायचे तर आम्ही दोघेही थकलो आहोत.

पण एक गोष्ट राहून गेली आहे. प्रयोगाच्या वहीत त्या दिवसाखाली ताईंनी लिहिले आहे, "पेटीचे तापमान चुकले. चूक माझी." मी तेव्हाच खूप भांडलो. त्यांनी ऐकले नाही. वहीतले खोडायचे नाही, दुरुस्ती असेल तर खाली लिहायची, हाही त्यांचाच नियम. वही त्यांच्या कुलपात असते. म्हणून आपणा सर्वांसमोर, ताईंच्या पंचाहत्तरीच्या या अंकात, खाली लिहितो: मीठ मी घातले होते.

हे वाचून ताई माझ्यावर रागावतील. तसे रागावण्याचे बळ त्यांना आणखी पुष्कळ वर्षे राहो, प्रकृती ठणठणीत राहो. पेटीला थर्मामीटर मी लावतो आहे.