पोळ्याचा टिळा लागलेला बैल

आपल्या बैठकीतल्या चित्रातल्या काळ्या बैलाच्या कपाळावर लाल डाग कसला, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत. सविस्तर लिहूनच सांगते.

सत्तरच्या दशकात तुमच्या आजोबांना एका नामवंत चित्रकाराच्या छापील चित्रांचं वेड लागलं. अशी चित्रं मोजक्याच प्रतींत निघत. प्रत्येक प्रतीखाली चित्रकार स्वतः पेन्सिलीने क्रमांक घालून सही करी. मग पुन्हा ते चित्र छापत नसत. आजोबा भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकवत. नवा कोट शिवायचा टाळून मुंबईच्या मित्राकरवी एकेक प्रत मागवत. या बैलाची तर त्यांनी फार वाट पाहिली होती. नळकांड्यातून आल्यामुळे कागद वळला होता, म्हणून मी तो टेबलावर पसरून कडांवर जाड शब्दकोश ठेवले.

त्याच आठवड्यात पोळा आला. सासूबाई कारधा गावची शेती आवरून नुकत्याच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. बैलजोडी विकल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच पोळा.

दुपारी आजोबा घरी आले आणि टेबलापाशी थिजून उभे राहिले. शब्दकोश जमिनीवर, बैलाच्या कपाळावर ओलं कुंकू, तोंडाशी पुरणपोळीचा तुकडा. तूप कागदात उतरत होतं.

"माय! हे काय केलं तू?"

"काय केलं म्हणजे? पोळ्याच्या दिवशी बैलावर ओझं ठेवते काय कोणी? एवढाली पुस्तकं लादली होती त्याच्यावर! मीच उतरवली."

आजोबा कागदावर वाकून तुपाचा डाग पाहू लागले. धुतलेल्या हातांशिवाय ते मलाही त्या कागदाला शिवू देत नसत. सासूबाईंचा चेहरा उतरला. कुंकवाचं बोट त्यांनी पदरात लपवलं.

"बिघडलं काय रे बापा?"

आजोबांनी पोळीचा तुकडा उचलून तोंडात टाकला. "थंडी पोळी देल्ली तू त्याले, म्हणून ओरडलो. गरम आण, दोघांसाठी."

दुसऱ्याच दिवशी चित्राला काच बसली. पुढे घरी आलेल्या मुंबईच्या मित्राने डाग काढून देणारा कारागीर सुचवला, तेव्हा आजोबांनी मित्राला जेवायचा आग्रह करून विषय बदलला.

दर पोळ्याला सासूबाई काचेवर टिळा लावत. आता मी लावते. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने काच पुसते; बाहेरचा निघतो, आतला राहतो.