चार बोटं उघडी काच

काटेसाहेबांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नाही, असं त्यांची बायको म्हणायची, आणि खरं सांगायचं तर ती बिचारी कमीच बोलत होती. चौतीस वर्षं ज्याने दुकानोदुकानी वजनमापं तपासली, पारड्याखाली चिकटवलेली मेणाची गोळी नि आतून कोरलेली वजनं पकडली, तो माणूस दुसरं काय होणार? साहेब निवृत्त झाले, त्यांचा संशय काही झाला नाही. दूधवाला, घड्याळजी, दातांचा डॉक्टर, झाडून सगळे लबाड. आपल्या वीस वर्षं जुन्या गाडीला तर त्यांनी मेकॅनिकचं बोटही लागू दिलं नव्हतं. "चांगला पार्ट काढतात नि भंगार बसवतात," म्हणायचे. गाडी घरीच उघडायची, घरीच जोडायची.

हल्ली मात्र एक लबाडी त्यांची स्वतःचीच चालली होती. उजव्या डोळ्यासमोर धूसर डाग आला होता आणि डॉक्टरांनी सरळ लिहून दिलं होतं, आता गाडी बंद. साहेबांनी तो कागद घडी घालून जुन्या कोटाच्या खिशात कोंबला आणि घरी येऊन म्हणाले, "काही नाही, नंबर जरा वाढलाय." गाडी सुटली की आपण संपलो, असं त्यांना अगदी आतून वाटत होतं. बायकोचा दंड धरून रस्ता ओलांडायचा? छे! त्या नुसत्या विचारानेच त्यांना कानकोंडं व्हायचं.

अशात शनिवारी सकाळी बघतात तर काय, ड्रायव्हरच्या बाजूची काच दाराच्या पोटात गडप! बटण दाबलं की मोटर आत घुं घुं करते, काच ढिम्म हलत नाही. म्हणजे काच ओढणारी तार तुटली. पण तुटली कशी? वीस वर्षांत साहेबांनी ती काच चार बोटांपेक्षा जास्त उतरवलीच नव्हती. न जाणो, सिग्नलला उभं असताना कोणी हात घालून किल्लीच काढली तर? मग ही तळापर्यंत नेली कोणी? सीट पाहिली, तर दोन खाचा पुढे. आरसा खाली कललेला.

"अगं, माझ्या गाडीला कोणी हात लावला?"

"मला काय विचारता? मी काय गाडीवर पहारा देत बसते?" बायको आतूनच म्हणाली. जरा जास्तच चटकन.

साहेबांची सुई जावयावर येऊन थांबली. तीन महिन्यांपासून मंगळवारी नि गुरुवारी आपण पायी वाचनालयात गेलो की हे महाशय सासूला भेटायला येतात. एवढा कसला जिव्हाळा? सिगारेट ओढायची तर काच पूर्ण उघडावीच लागते. जावई ताडमाड उंच, मग सीट पुढे कशी? पुरावा लपवायला, दुसरं काय! त्यांनी तडक लेकीला फोन लावला.

"बाबा, त्यांनी सिगारेट सोडून दोन वर्षं झाली! जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा," लेक म्हणाली आणि तिने फोन आपटला.

साहेब चरफडत कामाला लागले. नवा रेग्युलेटर, म्हणजे काच वरखाली करणारा सांगाडा, त्यांनी दुकानात तीनदा उलटसुलट करून आणला. अंगणात दाराचे स्क्रू काढले, आतलं आवरण टकटक करत उचकटलं, मागचा प्लॅस्टिकचा कागद सोलला. आत तारेचा नुसता गुंता झाला होता. तो काढून नवा सांगाडा बसवला नि बायकोला म्हणाले, "काच वर धर. सोडू नकोस, नाहीतर ठिकऱ्या होतील."

बायकोने दोन्ही तळव्यांत काच धरली. साहेब दारात हात घालून बोल्ट लावू लागले. एकदा लावला, बसेना. दुसऱ्यांदा, बसेना. घाम फुटला.

"भोकच चुकीचं पाडलंय! नकली माल गळ्यात मारला मेल्याने!"

बायकोने वाकून आत पाहिलं. "भोक बरोबर आहे हो. तुम्हीच बोटभर डावीकडे लावताय."

साहेब बोटभर उजवीकडे सरकले, बोल्ट गपकन बसला. बाकीचे तिने सांगितले तसे बसले, आणि याचा त्यांना भयंकर राग आला.

"बस आत. बटण दाब," ते किल्ली लावून म्हणाले. ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली. काच वर गेली, मग खाली येऊ लागली. "पुरे! चार बोटं पुरे!" तिने बटण सोडलं नाही. काच तळापर्यंत गेली.

"पुरे म्हणतोय ना!"

"पुरे कसं? सोमवारी माझी लायसन्सची परीक्षा आहे. हात बाहेर काढून वळण्याचे इशारे दाखवावे लागतात," ती म्हणाली. "गुरुवारी जावईबापू शिकवत होते, तोच सराव करताना तार तुटली. ते बिचारे दुरुस्त करून देणार होते, मीच नको म्हटलं. तुम्हाला लगेच कळलं असतं."

साहेब मटकन पायरीवर बसले. तीन महिने दर मंगळवार, दर गुरुवार! आणि आपण, लोकांची मापं पकडणारे, वाचनालयात पेपर चाळत होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला सांगितलंत?" ती उघड्या काचेतून बाहेर वाकली. "फेरतपासणीला आला नाहीत म्हणून दवाखान्यातल्या बाईंचा फोन मला आला, तेव्हा डोळ्याचं कळलं. तीन महिने तुमच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतेय मी. रोज वाटायचं, आज सांगाल."

साहेब उठले, उघड्या काचेतून हात घालून किल्ली काढली नि तिच्या हातावर ठेवली.

"लेकीकडे चल," ते म्हणाले. "जावयाची माफी मागायचीय."

ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. त्या दाराची कडी त्यांना पहिल्यांदा सापडली नाही, दुसऱ्यांदाही नाही. बायको आतून बघत होती, आणि साहेब तिच्यासमोर उघडपणे चाचपडत राहिले.