कार्डावरचा एक टक्का

मी जन्माची भित्री. पालीला भिते, शाळेच्या तपासणीला भिते, फोनवर अनोळखी नंबर दिसला की उचलायच्या आधी घोटभर पाणी पिते. त्यामुळे बँकेचा माणूस आमच्या शाळेत येऊन पगाराच्या खात्यावर क्रेडिट कार्ड देऊ लागला, तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी पटापट सह्या केल्या आणि मी तो फॉर्म आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी नवराच वैतागला. "कार्ड काय चावते का तुले?" म्हणाला. तो शेती करतो. साप, रानडुकरं, बाजारभाव, कशालाच भीत नाही. त्याला माझ्या भीतीची नेहमी मजा वाटते.

कार्ड आलं. लाखाची मर्यादा होती. पहिले दोन महिने ते कपाटात साड्यांच्या घडीखाली होतं. पण भित्र्या माणसाचा एक गुण असतो, तो सगळं वाचतो. कार्डासोबत आलेली बारीक अक्षरांची पानं मी चष्मा लावून दोनदा वाचली आणि वाचता वाचता मला त्यात चव यायला लागली. ऑनलाइन खरेदीला पाच टक्के परत, बाकी सगळ्याला एक टक्का. पेट्रोलला काही नाही, सोन्याला काही नाही. बिल बाराव्या तारखेला निघतं, म्हणजे तेराव्या तारखेला घेतलेल्या वस्तूचे पैसे थेट पुढच्या महिन्याच्या शेवटी द्यायचे. तोवर बँकेचा पैसा फुकट वापरायचा. पहिल्यांदा तीनशे बारा रुपये परत आले, तेव्हा मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मग मी सुटलेच. किराणा कार्डावर, विजेचं बिल कार्डावर, ठिबकच्या नळ्या कार्डावर. स्वतःचा खर्च संपला तशी दुसऱ्यांचा खर्च शोधायला लागले. एका सरांना मोबाइल घ्यायचा होता, मी म्हणाले, पैसे मला रोख द्या, कार्ड मी घासते. शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, कोणाच्या ट्रॅक्टरचं टायर, कोणाच्या मुलीची सायकल. अमडापूरच्या बाजाराच्या दिवशी लोक भाजी घेता घेता मला थांबवून विचारायचे, "मॅडम, आता काही ऑफर सुरू हाये का?" त्यांना वस्तू मिळायची, मला कॅशबॅक. कोणाचं नुकसान नव्हतं. आणि बिल मी मुदतीच्या पाच दिवस आधी भरायची, कारण उशीर झाला तर काय होतं ते मी त्या बारीक अक्षरांत वाचलेलं होतं.

भीती आणि हाव यांचं एका घरात इतकं छान जमतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

दिवाळी झाली. माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. नणंद मोताळ्याला असते, त्यांचं छोटं दुकान आहे. मुलीला आंदण द्यायचं म्हणून फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, कूलर अशी मोठी यादी होती. चिखलीच्या एका दुकानात सणाची ऑफर अजून चालू होती, कार्डावर दहा टक्के परत, जास्तीत जास्त साडेसात हजार. मी स्वतः फोन करून नणंदेला बोलावलं. ब्याण्णव हजारांची खरेदी झाली. मी कार्ड दिलं, तिने तिथेच पिशवीतून ब्याण्णव हजार रोख माझ्या हातात दिले. साडेसातातले निम्मे मी तिला देणार होते. तीही खूश, मीही खूश.

ती रोख रक्कम त्याच दिवशी कार्डाच्या खात्यात भरली असती, तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण बिल भरायला अजून दीड महिना होता. एवढे पैसे नुसते पडून राहणार, हे माझ्याने बघवेना. मी ते गावातल्या पतसंस्थेत सेहेचाळीस दिवसांच्या ठेवीत टाकले. त्याचं आठशेच्या आसपास व्याज येणार होतं. बँकेचा पैसा वापरायचा, आपला व्याजाला लावायचा. त्या दिवशी मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की घरी येऊन मी नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "तुले बँकेत पाठवाले पायजे होतं, शाळेत नाई."

त्यानंतरचा रविवार. तुरीवर अळी पडली होती आणि तो सकाळी फवारायला गेला. दुपारी एकच्या सुमारास शेजारच्या शेतातल्या माणसाने त्याला मोटारसायकलवर मधे बसवून आणलं, मागून दुसऱ्याने धरलेलं. फवारणीचा पंप गळत होता, पाठ औषधाने पूर्ण ओली होती, आणि तशाच ओल्या सदऱ्यावर त्याने भर उन्हात चार तास काम केलं होतं. तोंडातून लाळ गळत होती. अंगाला घाम असा की कपडे पिळावेत. मी त्याचे डोळे पाहिले, बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. तो मला म्हणाला, "काई नाई, चक्कर आली," आणि ओकला.

मी सदऱ्याची बटणं काढायला घेतली. शेजारणीने अंगावर पाणी ओतलं, साबण लावला, दुसरे कपडे घातले. तालुक्याच्या दवाखान्यात लगेच इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. म्हणाले, "औषध लागू पडतंय, पण श्वास कमी पडायला लागला तर मशीन लागेल. ते इथे नाही. वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात न्या." आम्ही ॲम्ब्युलन्समधून निघालो. रस्ताभर मी त्याची छाती वर येते का तेच बघत होते. वर आली की मी श्वास घ्यायची.

मोठ्या दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं, ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं चालू ठेवली. मला काउंटरवर पाठवलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आयसीयूत मशीनचा एकच बेड रिकामा आहे. डिपॉझिट पन्नास हजार."

मी कार्ड पुढे केलं. त्याने पन्नास हजार टाकले. कार्डाच्या मशीनने एक बारीक आवाज केला आणि त्याने कार्ड परत दिलं.

मला माहीत होतं. देताना माहीत होतं. लाखातले ब्याण्णव हजार फ्रीज, टीव्ही आणि कूलरने खाल्ले होते, आठ हजार उरले होते. तरीही मी कार्ड दिलं, कारण इतके महिने कुठलाही खर्च समोर आला की माझा हात आपोआप तिथेच जायचा. खात्यात पगारातले उरलेले अकरा हजार होते. ठेव पतसंस्थेत, आणि पतसंस्थेला रविवारचं कुलूप.

तो माणूस वाईट नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं मॅडम, निदान वीस भरा. हजार-पाचशे कमी असले तरी चालेल. बाकीचे संध्याकाळपर्यंत आणा, मी साहेबांना सांगतो."

अकरा आणि आठ, एकोणीस. होत होतं. अकरा हजार फोनवरून भरायचे आणि आठ हजार कार्डावर घासायचे, एवढंच करायचं होतं. दुसरीतल्या पोरालाही जमलं असतं.

आणि मी काय केलं? मी फोन काढला आणि ते अकरा हजार आधी माझ्या कार्डाच्या खात्यात भरले. म्हणजे मर्यादा अकराने मोकळी होईल, मग सगळेच्या सगळे एकोणीस हजार कार्डावर घासता येतील, आणि त्या अकरा हजारांवरही एक टक्का परत मिळेल. असा विचार मी शांत बसून केला नाही. पण केला नाही असंही म्हणता येत नाही. बोटं चालली आणि डोक्यात आकडा होता. एकशे दहा रुपये.

खात्यातून अकरा हजार गेले. कार्डावर मात्र मोकळे झाले नाहीत. पडद्यावर नुसतं "प्रक्रिया सुरू आहे" असं येत होतं. मी पुन्हा बघितलं, फोन बंद करून चालू केला, काउंटरच्या माणसाला म्हणाले, एकदा घासून बघा. एकोणीस टाकले, नाकारलं. पंधरा टाकले, नाकारलं. आठ टाकले, तेवढे गेले. बँकेच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाज मला भाषा निवडायला सांगत राहिला. एरवी ते पैसे पाच मिनिटांत जमा होत असत. त्या दिवशी रविवार होता म्हणून, की माझी कर्मं होती म्हणून, ते दुसऱ्या दिवशी दुपारी जमा झाले.

"आठ हजारांत नाही होणार मॅडम," तो म्हणाला. "बेड तासभर धरून ठेवतो. त्याच्यावर माझ्या हातात नाही."

मी नणंदेला फोन लावला. काय बोलले ते आठवत नाही, तिने फक्त "निंगालो" म्हटलेलं आठवतं. मग मी आत जाऊन त्याच्या स्ट्रेचरपाशी उभी राहिले. एक सिस्टर सारखी नळीने त्याच्या तोंडातलं पाणी ओढत होती. मी त्याचं पाऊल धरलं, बाकी हात लावायला जागाच नव्हती. पाऊल गार होतं. त्या तासात मला किती भीती वाटली ते मला सांगता येणार नाही, पण कशाची वाटली ते सांगते. तो जाईल याची तर वाटलीच. पण तो गेला तर उरलेलं आयुष्य मी एका आकड्यासोबत काढीन, आणि तो आकडा कोणालाच सांगता येणार नाही, याची जास्त वाटली. मोताळ्याहून यायचं तर मधे घाट आहे. मी मनातल्या मनात त्यांची मोटारसायकल एकेका वळणावरून वर चढवत होते. दोनदा डॉक्टर येऊन विचारून गेले, "डिपॉझिटचं काय झालं?"

नणंद आणि तिचा नवरा आले तेव्हा तासाच्या वर दहा मिनिटं झाली होती. काउंटरच्या माणसाने बेड धरून ठेवला होता. नणंदेने मंडपवाल्याला द्यायचे पैसे आणले होते. ते मोजून दिले, पावती घेतली, त्याला वर आयसीयूत नेलं. पाऊण तासाने त्याला मशीन लावावं लागलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत वर आणलं." हे ऐकून माणसाने देवाचे आभार मानावेत. मी भिंतीला टेकून खाली बसले.

नणंद माझ्याशेजारी बसली. हळूच म्हणाली, "वहिनी, आमी तं तुमच्या हाती ब्याण्णव हजार देल्ले होते ना? ते कुठं गेले?"

"ठेवीत टाकले," मी म्हणाले.

"कायले?"

तिने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि झाकणही तिनेच उघडून दिलं.

चौथ्या दिवशी मशीन काढलं. सहाव्या दिवशी तो खाली जनरल वॉर्डात आला, आवाज बसलेला, गाल आत गेलेले. तोवर मी ठेव मोडून नणंदेचे पैसे परत केले होते. मी मोसंबी सोलत होते. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "दवाखान्याचं बिल कार्डावर टाकलं असन तुनं. लय कॅशबॅक आलं असन."

तो हसत होता. मला वाटलं, हो म्हणावं आणि संपवावं. नणंद काही बोलणार नाही हे मला माहीत होतं. पण सहा रात्री मला झोप नव्हती, आणि आणखी किती रात्री असं राहायचं ते मला कळत नव्हतं. मी सांगितलं. कार्ड भरलेलं होतं, पैसे ठेवीत अडकले होते, तास-दीड तास तो खाली पडून होता.

त्याने माझा हात थोपटला. "तुले काय मालूम होतं का असं होईन म्हून? तू काऊन रडतं?"

मग मी त्या अकरा हजारांचं सांगितलं. आधी कार्डात का भरले, तेही.

त्याचा हात माझ्या हातावर तसाच होता, पण थोपटायचा थांबला. त्याने छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा घाबरलेला पाहत होते, आणि तो माझ्याकडे बघून घाबरला होता.

"किती आले असते?" त्याने विचारलं.

"एकशे दहा," मी म्हणाले.