काळ्या चौकटीतला कार्यक्रम

मी बावीस वर्षांचा असताना एका रविवारी संध्याकाळी वारलो, आणि त्या दिवशीसुद्धा माझं गाणं कुणी ऐकलं नाही.

वारल्याचं मला फारसं काही नाही. गाणं ऐकलं नाही याचा राग आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो तसूभर कमी झालेला नाही. उलट दर गणपतीत सगळे नातेवाईक जमले की कुणीतरी तो विषय काढतं, सगळे पोट धरधरून हसतात आणि माझा राग पुन्हा नवा होतो.

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची. आम्ही कांदिवलीला राहायचो. माझा मित्र विन्सी बोरिवलीचा. त्याचा मामा बोटीवर होता आणि तो परदेशातून कॅसेट आणायचा. त्यातलं संगीत आमच्या घरी कुणी संगीत मानायला तयार नव्हतं. त्याला गॉथ आणि इंडस्ट्रियल म्हणतात. गॉथ म्हणजे काळे कपडे घालून, चेहरा पांढरा करून मरणाबद्दल गायचं. इंडस्ट्रियल म्हणजे कारखान्यातले आवाज वाद्यांसारखे वाजवायचे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत हे ऐकणारे आम्ही एकूण अकरा जण होतो. एकच कॅसेट अकरा जणांनी एकमेकांच्या कॅसेटवरून उतरवून घ्यायची. अकराव्याला नुसती खरखर ऐकू यायची, आणि तोच म्हणायचा, “हे बेस्ट आहे यार!”

आमचा बँड तिघांचा. विन्सीकडे कॅसियोचा छोटा कीबोर्ड होता. मिलिंद चारकोपच्या एका शेडमध्ये वेल्डिंग करायचा, त्यामुळे त्याच्याकडे ऑइलचा रिकामा पिंप आणि ग्राइंडर. मी गायचो आणि सहा फुटी पत्रा हातोडीनं वाजवायचो. बँडचं नाव ‘ब्लॅक रस्ट’. बाबा गोरेगावच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी आमची प्रॅक्टिस एकदाच ऐकली.

“हा आवाज ऐकायचे मला पगार देतात,” ते म्हणाले. “तू फुकट काढतोस?”

आईचं दुखणं वेगळंच. “अरे, काळं संक्रांतीला घालतात, वर्षातून एकदा. तुझी रोजच संक्रांत!” असं म्हणत ती माझा काळा कोट दोरीवर सगळ्यात मागे, बाबांच्या लेंग्याच्या आड वाळत घालायची. (तिच्या टाल्कम पावडरचे दोन डबे महिन्यात का संपतात हे तिला अजून कळलं नव्हतं.)

आणि अशात अंधेरीचे वखारियाशेठ भेटले. त्यांची कॅसेट काढायची छोटी कंपनी होती. भजनं, गरबा, नकला, काय वाटेल ते काढायचे. त्यांना आमचा नमुना ऐकवला. त्यांनी ऐकला, म्हणजे दीड मिनिट, आणि बंद केला.

“हे कोण ऐकते?” त्यांनी विचारलं.

“खूप लोक ऐकतात,” मी म्हणालो. (अकरा.)

“मग प्रोग्राम कर. हॉल भरला तर मी कॅसेट काढतो. खाली राहिला तर पुन्हा माझ्या ऑफिसात यायचा नाय.”

झालं! आमची स्वतःची कॅसेट, दुकानाच्या काचेत, बाहेर आमचा फोटो. मला रात्र रात्र झोप येईना. पण हॉल भरायला माणसं लागतात. अकरांपैकी तिघे स्टेजवर, उरले आठ. मग मला ती अक्कल सुचली. आईची वही! आईकडे एक लांबट वही होती. तिच्यात घाटकोपर, मुलुंडपासून मालवणपर्यंत सगळ्या नातेवाइकांचे पत्ते होते, लग्नाच्या पत्रिका पाठवायला. म्हटलं, माणूस तो माणूस. खुर्चीत बसला की वखारियाला काय कळणार आहे तो गॉथ आहे की माझी घाटकोपरची आत्या?

कार्डं छापायला मी स्टेशन रोडवरच्या छापखान्यात गेलो. मालक नाना, जाड चष्म्याचे. लग्न, मुंज आणि मयत एवढंच छापायचे. मी मजकूर स्वतः लिहिला होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता:

‘अविनाश आता तुमच्या जगात नाही. तो अंधारात गेला आहे. त्याला शेवटचं भेटायला या. ब्लॅक रस्ट. रविवार, सायंकाळी पाच.’ खाली हॉलचा पत्ता. सोबत माझा फोटो: चेहरा पांढराफटक, डोळे मिटलेले, छातीवर हात जुळवलेले. आणि भोवती जाड काळी चौकट पाहिजे, असं मी तीनदा बजावलं.

नानांनी फोटो बघितला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“वय काय?”

“बावीस.”

“च्च च्च. काय झालं होतं?”

मला वाटलं, बँडबद्दल विचारताहेत. वखारियानं नमुना दीड मिनिटात बंद केला होता, ते दुःख ताजं होतं. मी म्हणालो, “काय होणार? कुणाला समजलंच नाही, नाना. घरच्यांनासुद्धा नाही.”

“हल्ली असंच अचानक होतं,” नाना म्हणाले. “तुम्ही भाऊ का? चेहरा अगदी तोच आहे. बरं, प्रूफ बघणार?”

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. “नको, घाई आहे,” मी म्हणालो आणि बिलासाठी आडनाव आणि घरचा पत्ता लिहून दिला.

कार्डं आली. चौकट बघून माझ्या अंगावर काटा आला, इतकी सुंदर! इतकी काळी! नानांनी कोपऱ्यात एक छोटी समईसुद्धा टाकली होती. (ती मला जरा जुनाट वाटली, पण म्हटलं, असू दे, देशी गॉथ.) खालच्या बारीक ओळी मी वाचल्या नाहीत. त्या रात्री मी आणि मिलिंदनं ऐंशी पत्ते घातले, वखारियाशेठचा आणि आमच्या त्या आठ जणांचेसुद्धा, आणि सगळी कार्डं पेटीत टाकली.

खालच्या बारीक ओळी अशा होत्या: ‘शोकाकुल: समस्त परब परिवार.’ आणि आमच्या घरचा पत्ता. नानांनी चांगुलपणानं, स्वतःच्या मनानं, जादा पैसे न घेता घातल्या होत्या.

रविवारी चार वाजता आम्ही हॉलवर. मी पूर्ण तयारीत: काळा कोट, पावडर, डोळ्यांत आईचं काजळ. पाच वाजले. सव्वापाच. साडेपाच. दोनशे खुर्च्या आणि दाराशी एक शिपाई.

“ऐंशी कार्डं टाकली!” मी ओरडलो. “ऐंशीतला एक माणूस येऊ नये? स्वतःच्या रक्ताची माणसं आहेत ही?”

“माझेपण कोण नाय आले रे,” विन्सी म्हणाला. “ते आठ जणपण नाय आले. वाट लागली यार.”

“वाजवू या,” मिलिंद म्हणाला. “कुणीतरी आवाज ऐकून येईल.”

वाजवलं. आवाज ऐकून शिपाई आला आणि म्हणाला, “दुरुस्ती झाली की सांगा, मला कुलूप लावायचंय.”

मग माझं डोकं फिरलं. मी पत्रा डोक्यावर घेतला, हातोडी कोटाच्या खिशात घातली आणि चालतच घरी निघालो. एकेका नातेवाइकाच्या दारात जाऊन जाब विचारायचा, आणि सुरुवात आईपासून, असं मी रस्ताभर मोठमोठ्यानं बोलत होतो. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

इकडे घरी काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यानं कळलं. मयताचं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचायचं, लगेच फाडून टाकायचं आणि डोळे पुसायचे. आमच्या ऐंशीच्या ऐंशी घरांत कार्ड असं फाडलं गेलं. ब्लॅक रस्ट म्हणजे काय हे विचारायला कुणाकडे कार्डच राहिलं नाही! (मुलुंडच्या काकांच्या मते तो नवीन आजार होता.) आणि माणूस गेल्यावर हॉलवर कोण जातं? घरी जातात. पाचच्या ठोक्याला सगळे पांढऱ्या कपड्यांत आमच्या दोन खोल्यांत येऊन बसले.

आईनं दार उघडलं तर समोर घाटकोपरची आत्या. तिनं आईच्या गळ्यात पडून जो सूर लावला तो तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. “अरे माझ्या झिला, खंय गेलंस रे! तुझो आवाज किती गोड होतो रे!”

(हे वाक्य नीट वाचा. मी जिवंत असताना माझ्या आवाजाबद्दल या बाईनं असं एकदाही म्हटलेलं नाही.)

“अहो वन्सं, काय झालं? दुपारी तर पोहे खाऊन गेला तो,” आई म्हणाली.

“धक्को बसलोहा गो तिका,” आत्या बाकीच्यांना म्हणाली, आणि सगळ्या बायका आणखी जोरात रडायला लागल्या. आई जितकं सांगेल, “गेला म्हणजे बाहेर गेलाय, पत्रा घेऊन,” तितकं तिला पाणी पाजायचे. शेवटी पाच ग्लास पाणी पिऊन आई गप्प बसली. शेजारच्या सावंतकाकूंनी रिवाजाप्रमाणे पिठलं-भाताचं पातेलं आणून ठेवलं.

सहा वाजता बाबा आले. ते मित्राकडे गेले होते. दाराबाहेर एवढ्या चपला बघून ते समजले की कुणीतरी गेलं. पण कोण गेलं हे स्वतःच्याच घरात कसं विचारायचं? ते मान खाली घालून सतरंजीवर बसले आणि कुणी नाव घेतंय का याची वाट बघत राहिले. काकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “फार गुणी पोरगा,” काका म्हणाले. बाबांनी मान हलवली. नंतर ते मला म्हणाले, “गुणी म्हटल्यावर तू माझ्या डोक्यातच आला नाहीस.”

आणि मी दारात आलो. पांढरं तोंड, काळा कोट, डोळ्यांखाली वितळलेलं काजळ, एका हातानं डोक्यावरचा पत्रा धरलेला, दुसऱ्या हातात खिशातून काढलेली हातोडी. आत ऐंशी घरची माणसं. भिंतीला टेकून माझे ते आठ गॉथ काळ्या कपड्यांत रडत होते. आणि कोपऱ्यात हार घेऊन, चक्क वखारियाशेठ!

“मेले का सगळे?” मी ओरडलो.

काका मागच्या मागे पिठल्याच्या पातेल्यात बसले. माझ्या हातून पत्रा सुटला आणि एकेक पायरी वाजवत खालपर्यंत गेला. (आमच्या बँडनं काढलेला तो सगळ्यात चांगला आवाज.) आत्यानं एकच किंकाळी मारली, आणि आईनं उठून सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. गालावरची पावडर उडाली.

“जिवंत आसस?” आत्या म्हणाली. “मेल्या, मग आधी सांगूक नको?”

“माझा कार्यक्रम होता!” मी म्हणालो. “कार्ड वाचता येत नाही का तुम्हाला? हॉल रिकामा! आयुष्याची वाट लावलीत माझ्या!”

आता सगळे भडकले. घाटकोपर, मुलुंड, सगळे एकदम. आमच्या भावनांशी खेळतोस? लाज नाही? बाबा तर पट्टा शोधत होते. तेवढ्यात आई मध्ये उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, “कावळा शिवला होता त्याला.”

बाबांनी पट्टा शोधणं सोडलं. आमच्याकडे डोक्याला कावळा शिवणं म्हणजे मरणाची खूण. मग नातेवाइकांना मुद्दाम खोटी बातमी धाडायची. ते खरं समजून मनापासून रडले की मरण फसतं आणि टळतं.

“अगे बाय, मग आधी कशाक सांगतलस नाय?” आत्या म्हणाली आणि लगेच स्वतःच म्हणाली, “बरा केलंस. सांगतलं असतंस तर रडू खरा इला नसता.”

पाच मिनिटांत वातावरण बदललं. आई किती हुशार, पोरगा कसा वाचला, आत्या कशी जीव तोडून रडली. जे पिठलं काकांच्या खाली आलं नव्हतं ते सगळ्यांनी वाटून खाल्लं. मी कोपऱ्यात उभा राहून सांगत होतो की कावळा-बिवळा काही नाही, हे संगीत आहे, ही एक चळवळ आहे! बाबा म्हणाले, “गप बस. कावळा शिवला नाही, आमच्या घरी जन्मला.”

शेवटची आशा वखारियाशेठ. मी त्यांच्याकडे गेलो. “शेठ, माणसं बघा किती आली! हॉल नाही, पण घर भरलं की नाही?”

“भरला,” ते म्हणाले. “ती रडत होती ती बाई कोण? गाते काय?”

आत्या घाटकोपरच्या महिला मंडळात भजनं म्हणायची. तीन महिन्यांत तिची कॅसेट निघाली. वखारियांना झांजेऐवजी काहीतरी वेगळं हवं होतं. “तुझा तो पत्रा चालेल,” ते मला म्हणाले. मी संतापानं चार दिवस जेवलो नाही. पाचव्या दिवशी पत्रा घेऊन अंधेरीला गेलो आणि देवीच्या अकरा भजनांना मान खाली घालून पत्रा वाजवला.

कॅसेट खूप खपली. आमच्या नाक्यावरच्या दुकानात काचेत लागली. मी धावत जाऊन बघितली. बाहेर आत्याचा हसरा फोटो. आतल्या कागदावर वादकांची नावं होती, आणि शेठनी तो कागद माझ्याच ओळखीनं, स्वस्तात, स्टेशन रोडवरच्या नानांकडून छापून घेतला होता. शेवटची ओळ छोट्याशा काळ्या चौकटीत होती: ‘पत्रा: कै. अविनाश परब.’

मी तो कागद घेऊन तावातावानं नानांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. “तुमच्या भावाचं राहून गेलेलं काम पुरं झालं हो,” ते म्हणाले. “शेठनी नुसतंच नाव दिलं होतं. मीच आठवणीनं ‘कै.’ घातलं.”

संगीताच्या क्षेत्रात माझं नाव छापून आलं ते तेवढं एकदाच, आणि तेही मरणोत्तर!